श्रीधरास मुहूर्त नाकारल्याबद्दल

श्री

मी मोरभट विश्वनाथ जोशी, वय वर्षे एकसष्ट, राहणार कसबे पुणे. डोळ्यांनी दिसत नाही, बाकी बुद्धी शाबूत आहे. कोणाच्या भिडेने नव्हे, आपखुशीने हे मृत्युपत्र धाकटे बंधू गोपाळकृष्ण यांजकडून लिहवून घेतो.

राहते घर पत्नी आनंदी हिचे. तिच्या हयातीत तिला कोणी ऊठ म्हणू नये.

दोन घरांमधल्या भिंतीवरून बंधूंशी अकरा वर्षे वाद आहे. भिंत त्यांना दिली. गिलावा आता त्यांनीच करावा. हे ऐकून त्यांनी लेखणी खाली ठेवली. "दादा, हेही लिहायचं?" "लिही." लिहिले.

पंचांगाच्या पोथ्या व वेळ मोजण्याचे घटिकापात्र मुलगा श्रीधर यास. याचे कारण सांगणे आहे.

श्रीधर सोळा वर्षांचा असता म्हणाला, विजयदुर्गी आरमारात जाऊन ताऱ्यांवरून गलबत नेण्याची विद्या शिकेन. मी तीनदा मुहूर्त पाहिला, तीनदा अशुभ सांगितला. चौथ्यांदा त्याने स्वतःच गणित मांडून मला वाचून दाखवले.

"आबा, दशमी निर्दोष आहे. मला अडवता ते माझ्यासाठी की तुमच्यासाठी?"

हात उगारला होता, तो खाली घेतला. म्हटले, "माझ्यासाठी. वळण लागावं म्हणून तुझ्याकडून पंचांग लिहवतो म्हणत होतो. खरं तर मला अक्षरच दिसत नाही. तू गेलास की लोकांना कळेल."

तो म्हणाला, "मीही खरं सांगतो. समुद्राची ओढ आहेच, पण तुमच्या धाकातून सुटायची घाई जास्त आहे."

आनंदी आतून म्हणाली, "झालं? आता जेवून घ्या दोघं." कित्येक महिन्यांनी मी पोटभर जेवलो.

दशमीस तो गेला. मी यजमानांना डोळ्यांचे सांगून टाकले. निम्मे गेले, निम्मे राहिले. लपवण्याचे ओझे मात्र उतरले. आज श्रीधर मोठ्या गलबताला वाट सांगतो. गेल्या दिवाळीत न बोलावता आला, चार दिवस राहिला, माझ्या ग्रहणाच्या गणितात चूक काढली. फार बरे वाटले.

पोथ्या त्याने चालवाव्यात अशी अट नाही. कोणास दिल्या तरी चालेल.

माझ्या क्रियाकर्मास तो पोहोचला नाही तर बंधूंनी करावे. कोणी त्यास बोल लावू नये. त्याने यावे असे मला वाटते. हा माझा लोभ आहे. मुलाचे कर्तव्य म्हणून तो त्याच्या गळ्यात घालत नाही.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

सही मोरभट जोशी, अंदाजाने केली.
साक्षी: हिंदुराव शितोळे, शेजारी. संपत माळी, मौजे मांजरी, निशाणी नांगर.
हस्ताक्षर गोपाळकृष्ण विश्वनाथ जोशी.
कसबे पुणे, शके १७०२, शार्वरी संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी.