संपलेली बॅटरी

३ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

शाळेतून आल्यावर आईच्या कानयंत्राच्या संपलेल्या बॅटऱ्या आपण खिडकीत उन्हाला मांडायचो, आठवतं? ऊन खाऊन त्या तासभर पुन्हा चालायच्या. तेवढ्यात तू तिला दिवसभराच्या चुगल्या सांगून घ्यायचीस, बहुतेक माझ्याच.

आईला जाऊन महिना झाला. काल कपाट आवरताना तिचं यंत्र सापडलं, बॅटऱ्या ठेवून कमरेला बांधायची ती कापडी पिशवीही. तेव्हापासून घास उतरत नाही, म्हणून लिहिते.

वीस वर्षांपूर्वी तू आईला कायमची तुझ्याकडे न्यायला आली होतीस. ती गेली असती तर बिनलग्नाच्या मला बोलायला भिंती उरल्या असत्या. तू यायच्या आधी मी तिच्या यंत्रात संपलेली बॅटरी घातली. तू तासभर विनवत होतीस. ऐकू येत नाही हे कबूल करायची तिला लाज. ती नुसती हसत राहिली आणि शेवटी, चहा घेऊन जा म्हणाली. तू तोच नकार समजलीस.

पुढे कितीदा तरी तिनं विचारलं, धाकटीनं मला बोलावलं नाही का गं. मी नवी बॅटरी घालून, तिला नीट ऐकू जाईल असं, नाही म्हणून सांगायचे.

मला क्षमा कर. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जेवण सोडू नकोस, तुझं पित्त खवळतं.

आई मान तिरकी करून माझ्या ओठांकडे बघू लागली तेव्हाच मला कळलं होतं. येताना तिच्यासाठी नवी बॅटरी घेतली होती, ती माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती. तिला न्यायचा आग्रह ह्यांचा. आमच्या दोन खोल्या, आणि आईशी ओरडून बोलण्यात माझं अर्धं लहानपण गेलेलं. मी पर्स उघडलीच नाही. तरी तासभर बोलत राहिले, कारण माझ्यासोबत आलेल्या, बाहेरच्या खोलीत बसलेल्या ह्यांना ऐकू जायला हवं होतं.

तेव्हा सगळं स्वतःच्या माथी घेऊ नकोस. पापातही थोरला वाटा तुलाच हवा, ही तुझी जुनी खोड.

आहे तो लोभ पुरवून वापरू.

तुझी,
बेबी

ता. क. शाल आणि शिवणयंत्र तुला. कानयंत्र बहिऱ्यांच्या शाळेला दे. बांगड्या माझ्या मुलीला पाठव, सोबत चिठ्ठीत लिही की आजीनं त्या तिच्यासाठीच ठेवल्या होत्या. तुझ्या अक्षरावर तिचा विश्वास आहे. आईचा मोठा फोटो ह्यांना हवाय. तो मात्र सापडत नाही असं कळव.