बापाच्या विहिरीतलं कासव

१२ जून २०२४
हैदराबादहून कासव आणलं. तळहाताएवढं. दुकानदार म्हणे, अमेरिका का माल है साब. एम.एस्सी. झूऑलॉजी झालेल्या मास्तराला अमेरिका सांगतो. पाठीवर तीन उंच रेघा, म्हणजे आपलंच देशी काळं कासव. देशी कासव विकणं गुन्हा, म्हणून लबाडी. मी ते विकत घेतलं नाही, सोडवलं.

१५ जून
शेपूट पाठीएवढी लांब, वर करवतीसारखे दाते. पुस्तकात आखूड दिली आहे. पुस्तक जुनं आहे.
लेकीनं, मैत्रीनं, मोबाइलवर फोटो टाकला. ॲप म्हणे स्नॅपिंग टर्टल, अमेरिका. पोरीला समजावलं, ॲपला डिग्री नसते. फोटो डिलीट करायला लावला. मग तिनं कासव चावलेलं बोट दाखवलं. कासव स्ट्रेसमध्ये आहे.

२३ जून, रविवार
सासुरवाडीला, भीमपूरला. सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, विहिरीत कासव सोडलं. कासवानं पाणी साफ राहतं हे इकडे सगळेच मानतात, मी फक्त सायंटिफिक आधार दिला. ही विहीर मामाजींच्या वडिलांनी खणली. तेव्हा गावच्या विहिरीवर यांना दोर टाकू देत नव्हते. मामाजी अजून तिला बापाची विहीर म्हणतात.
कासवाकडे बराच वेळ बघून म्हणाले, हे मान आत घेत नाई, काऊन? मी म्हटलं, धीट आहे. म्हणाले, तुमी शिकलेले, तुमी म्हनता त आसंल. लग्नापासून पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं. फार बरं वाटलं.
संकल्प: कासवावर पेपर लिहायचा. इंग्रजीत.

१० नोव्हेंबर
पेपरचं टायटल झालं. बायको, शुभांगी, म्हणते, बाबांचा फोन होता, विहिरीतल्या मासोळ्या गेल्या, बेडूकही दिसत नाहीत. म्हणजे साफसफाई जोरात आहे.

६ एप्रिल २०२५
जयंतीआधी मामाजी दरवर्षी स्वतः विहिरीत उतरून गाळ काढतात. चौदा एप्रिलला सगळी वस्ती तेच पाणी पिते. आज उतरले. कासवानं पायाचा अंगठा धरला आणि सोडेना. टाके पडले. शुभांगी माझ्याशी बोलत नाही.

८ एप्रिल
ठीक आहे, स्नॅपिंग. पण त्यातलं कॉमन जातीचं की ॲलिगेटर जातीचं? पिलावरून ओळखणं एक्स्पर्टचं काम. डोळे वर होते की बाजूला? चोच आकड्यासारखी होती का? गेल्या जूनमधले माझे फोटो काढून बसलो. सगळ्यांत मी हसतोय, कासव माझ्या अंगठ्याखाली.
वनखात्याचा माणूस फोनवर म्हणाला, पिल्लू हातात घेऊन नीट पाहिलेलं कोण आहे? तो मीच.

११ एप्रिल
पिंजरा लावला. एक खेकडा सापडला. मोटर लावून उपसा केला, पण झरे दांडगे, पाणी हटेना. मामाजींच्या वडिलांनी जागा फारच चांगली निवडली होती.

१३ एप्रिल
वस्तीतलं कुणी पाणी भरत नाही. प्यायच्या पाण्यात कायचं जनावर हाय, म्हणतात. मी सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही. मैत्री म्हणाली, मग पप्पा, तुम्ही उतरा. मला सर्दी आहे.
संकल्प: उद्या मामाजींना शांतपणे सगळं समजावायचं. चार्ट काढला आहे.

१४ एप्रिल
टेम्पोतून पाण्याचे कॅन आले. जयंतीला विकतचं पाणी पहिल्यांदाच. बुद्धवंदना झाली, निळे झेंडे, पोरं नाचली. मामाजी पायाला बँडेज बांधून खुर्चीवर, विहिरीकडे पाठ करून बसले होते. चार्ट पिशवीतून काढलाच नाही. लाज वाटली.
मीच त्यांना कॅनचं पाणी नेऊन दिलं. ग्लास हातात धरून त्यांनी विचारलं, गुरुजी, हे जनावर जगते किती?
चाळीस वर्षं तरी, मी म्हणालो. एवढं मला पुस्तक न बघता सांगता आलं.
मामाजी बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांनी पाणी पिऊन ग्लास माझ्याकडे परत दिला.