सातव्या पानावरची बाई

ग्लासगो,
१२ जानेवारी २०२५

ती. सौ. शालनआत्यांना वरदाचा ग्लासगोहून वाकून नमस्कार. वि. वि.

तुम्ही पाठवलेल्या तिळाच्या वड्या सुखरूप पोहोचल्या. संक्रांतीपर्यंत डबा उघडायचा नाही असा निश्चय केला होता. आज त्यात तीन वड्या उरल्या आहेत. फोनवर मी हं आणि बरं यांपलीकडे जात नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. म्हणूनच दर महिन्याला पत्र लिहायचे, हा तुम्ही घालून दिलेला नियम मला शिक्षा न वाटता सवलत वाटते.

ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास ठीक चालला आहे. त्याखेरीज एक नवे काम अंगावर आले आहे. येथे ‘युवा प्रतिष्ठा मंच’ नावाची संस्था आहे. अकरा देशांतील तरुण मुले-मुली वर्षाकाठी एक प्रश्न हाती घेतात आणि स्ट्रासबर्गला लोकप्रतिनिधींपुढे मांडतात. माणसाची प्रतिष्ठा हा शब्द भाषणात फार उंचावर असतो. यंदा आमच्या मंचाने तो खुर्चीइतका खाली आणला आहे. कार्यालये, स्थानके, रुग्णालये रोज स्वच्छ ठेवणारी माणसे आपला डबा कुठे बसून खातात, एवढाच आमचा प्रश्न आहे. अकरा मार्चला त्यावर चार मिनिटे बोलायला मंचाने माझी निवड केली आहे. सर्वांत लांब टिपणे माझी होती, हे त्यामागचे कारण. टिपणे लांब असणारी मुलगी बोलायला उभी राहिली की तिची मान टिपणांतून वर येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.

तुमच्याकडे एक मागणे आहे. तुम्ही गेली चौदा वर्षे आयटी कंपनीत आहात. आमची शालन आयटीत आहे, हे बाबा पाहुण्यांना चहाआधी सांगतात. तुमच्या इमारतीत सफाई करणाऱ्या बायका जेवायला कुठे बसतात, हे त्यांना विचारून कळवाल का? प्रत्यक्ष माणसाच्या तोंडचे चार शब्द माझ्या चाळीस पानांपेक्षा मोलाचे ठरतील.

मायराला आशीर्वाद, तिच्या बाबांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ वड्यांसारखा लवकर संपू देऊ नये, ही विनंती.

आपली आज्ञाधारक,
वरदा

*

बेसिंगस्टोक,
२१ जानेवारी

चि. वरदा हिला बेसिंगस्टोकहून पोटभर आशीर्वाद.

तीन वड्या उरल्या हे वाचून बरं वाटलं, म्हणजे भूक लागते आहे म्हणायची. इथे थंडी मरणाची. मायराच्या बाबांची बस दोनदा डेपोतच अडकली, तर स्वारी घरी बसून हीटिंग वाढवते आणि मी कमी करते. असा आमचा संसार.

आता तुझं मागणं. विचारायला मला कुणाकडे जायला नको. त्या बायकांतली एक मीच आहे.

दचकू नकोस. खोटं मी कधी लिहिलं नव्हतं. पहिल्या वर्षी दादाला लिहिलं की आयटी कंपनीत नोकरी लागली. बिल्डिंग आयटी कंपनीचीच आहे. त्याने मनात मला टेबल दिलं, पुढच्या वर्षी कॉम्प्युटर दिला, मग हाताखाली माणसं पण दिली. प्रत्येक वेळी म्हटलं आता सांगू, आणि प्रत्येक वेळी तो इतका खूश असायचा की राहून गेलं. कामाची मला लाज नाही गं. चार मजले सकाळी सहापासून माझ्या हातात असतात. माझी फरशी बघून नवीन माणूस चालायला बिचकतो. लाज वाटते ती न सांगितल्याची.

डबा आम्ही क्लीनिंग कबर्डमध्ये खातो, म्हणजे झाडू-बादल्या ठेवायच्या चिंचोळ्या खोलीत. मी आणि कम्फर्ट. ती घानाची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि माझ्या लसणीच्या चटणीवर तिचा डोळा. दोन बादल्या उलट्या घालायच्या, वर दोघींनी बसायचं, डोक्यावर मॉप टांगलेले. ब्लीचचा वास चपातीला लागतो, तो सवयीने कळेनासा होतो. दुसऱ्या मजल्यावर स्टाफची ब्रेकरूम आहे, मऊ खुर्च्या, कॉफीचं मशीन. तिथे येऊ नका असं कुणी म्हटलेलं नाही. या असंही कुणी म्हटलेलं नाही. रोज सकाळी ती खोली मीच पुसते.

हे तुझ्यापुरतं. दादाला यातलं काही कळता कामा नये. सांगायचं तेव्हा मी सांगेन.

जेवत जा. उत्तराची वाट बघते.

तुझी,
आत्या

*

ग्लासगो,
६ फेब्रुवारी

ती. सौ. शालनआत्यांना वरदाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना रडू आले, हे लिहायला संकोच वाटतो, पण लपवणे त्याहून वाईट. तुम्ही माझ्यावर जो विश्वास टाकलात त्याला पात्र होण्याचा प्रयत्न मी केला आहे.

उलट्या घातलेल्या बादल्यांचा परिच्छेद मी इंग्रजीत उतरवला आणि मंचाच्या बैठकीत वाचून दाखवला. लिस्बनच्या एका मुलाने नंतर सांगितले, की त्याची आई अशाच एका जिन्याखाली जेवते आणि त्याने हे आजवर कुणालाच सांगितले नव्हते. सर्वानुमते तुमचा मजकूर आमच्या पुस्तिकेत सातव्या पानावर घेतला आहे. तीनशे प्रती छापून झाल्या. ज्याचे शब्द घ्यावे त्याचे नाव, गाव आणि तारीख दिल्याशिवाय पुढची ओळ लिहू नये, असे इनामदार बाईंनी आठवीत शिकवले होते. त्याप्रमाणे परिच्छेदाखाली तुमचे पूर्ण नाव, कराड तालुक्यातले आपले गाव आणि पत्राचा दिनांक दिला आहे. शब्द तुमचे असताना मान दुसऱ्या कुणाला जाऊ नये.

तुमची सूचना मी विसरलेले नाही. पुस्तिका इंग्रजी आहे आणि स्ट्रासबर्गच्या पलीकडे जाणार नाही. भाषणातही मी तुमचे नाव उच्चारणार नाही. तेव्हा बाबांची काळजी नसावी.

एक पान पाठवत आहे. आवडल्याचे कळवलेत तर माझी मान थोडी तरी वर राहील. तुमच्या मायेची सावली अशीच राहो.

आपली,
वरदा

*

बेसिंगस्टोक,
१३ फेब्रुवारी

चि. वरदास अ. उ. आ.

पान मिळालं. काल दादाचा फोन आला होता. तुझ्या जुन्या शाळेत अकरा मार्चला हॉलमध्ये मोठा पडदा लावणार आहेत. तुझं भाषण सगळं गाव बघणार. हेडमास्तरांनी मंचाच्या वेबसाइटवरून ती पुस्तिका उतरवून घ्यायचं ठरवलं आहे, त्यातलं थोडं मराठी करून आधी वाचणार म्हणे. दादा पहिल्या रांगेत बसणार. त्याने नवा सदरा शिवायला टाकला आहे.

तू जगभर सांगत फिरतेस की या बायांना कुणी विचारत नाही. मला तू विचारलंस का?

ते पान काढून टाक. बाकी काही म्हणायचं नाही.

शालन

ता. क. वरदाताई, मी मायरा. हे मी एन्व्हलपमध्ये गुपचूप घालते आहे. माझा मराठी बॅड आहे, सॉरी. आई दोन दिवस सॅड आहे. टीव्ही पण लावला नाही. मी तुझी पान वाचली. ती ट्रू आहे पण हाफ आहे. त्यात मॉम फक्त बिचारी आहे. मॉम बिचारी नाही! कामावर सगळी लोक तिला घाबरतो. एकदा मॅनेजर ओल्या फ्लोअरवर आला तर तिने त्याला परत पाठवला, लिफ्टने. प्लीज फिक्स कर.

*

ग्लासगो,
१९ फेब्रुवारी

ती. सौ. शालनआत्यांना वरदाचा नमस्कार. पुढे काय लिहावे ते सुचत नाही, म्हणून झाले तेच लिहिते.

तुमचे पत्र शुक्रवारी सकाळी मिळाले. पुस्तिका संकेतस्थळावर चढवली आहे, हे मलाच ठाऊक नव्हते; दुपारी ती तिथून काढून टाकायला लावली. गावच्या हेडमास्तरांना मी स्वतः फोन केला आणि आधीची प्रत त्यांनी घेतली होती का, ते विचारले. त्यांच्या संगणकाची दुरुस्ती चालू असल्याने ती घेतलेली नव्हती. आयुष्यात प्रथमच कुणाचा संगणक बिघडल्याचा मला आनंद झाला.

छापील प्रतींचा प्रश्न अधिक अवघड होता. नव्याने छापायला वेळ नव्हता. माझी मैत्रीण अन्वी आणि मी रविवारी सकाळपासून बसलो आणि तीनशे प्रतींच्या सातव्या पानावर पांढरा कागद डकवला. उजेडाकडे धरूनही खालचे अक्षर दिसत नाही, याची प्रत्येक प्रतीवर खात्री केली. मंचाच्या समन्वयकांनी सुचवले, की त्या जागी दुसऱ्या एखाद्या बाईची हकीकत टाकू, वाटल्यास नाव बदलून. मी नाही म्हणाले. माझ्या तोंडून तो शब्द इतक्या स्पष्टपणे निघाला, की अन्वी माझ्याकडे पाहत राहिली.

आत्या, मी लहानपणापासून पुस्तकांतून उतारे घेत आले. पुस्तके कधी परवानगी मागायला लावत नाहीत, फक्त नाव लिहायला लावतात. तुमच्या पत्राशीही मी तशीच वागले. पूर्ण संदर्भ दिला म्हणजे मान दिला, असे मला मनापासून वाटले होते. तुम्ही जे दार माझ्यासाठी उघडलेत ते मी तीनशे लोकांसाठी उघडे टाकले. मायराने लिहिले आहे की मी तुम्हाला फक्त बिचारी केले. तेही खरे आहे. तुमच्या फरशीबद्दलची ओळ मी वगळली होती, कारण ती माझ्या मुद्द्याला सोयीची नव्हती.

अकरा तारखेला मी कोऱ्या पानाबद्दल बोलेन, पण ते कुणाचे याचा माग लागेल असे एक अक्षरही बोलणार नाही. बाबांना मी काहीही सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. ते तुमचे आहे.

तुम्ही उत्तर द्यावे अशी अपेक्षा करायचा मला अधिकार नाही. दिलेत तर मी धन्य होईन.

आपली अपराधी,
वरदा

*

बेसिंगस्टोक,
२३ मार्च

चि. वरदाबाई, व्याख्यात्या, ग्लासगो मुक्कामी, यांना आत्याचे लाडाचे आशीर्वाद.

आधी भांडण. एवढ्या मोठ्या सभेत केस तरी नीट बांधायचे होतेस. घरी लॅपटॉपवर पहिला मिनिटभर आम्हाला तुझा भांगच दिसला. मायरा म्हणत होती, वर बघ, वर बघ, जसं काही तुला ऐकू जाणार. मग तू पुस्तिका उघडून सातवं पान सगळ्यांना दाखवलंस. या पानावर एक बाई होती, तिला न विचारता मी तिला इथे आणलं, ती निघून गेली आणि तो तिचा हक्क होता, असं म्हणालीस तेव्हा मात्र तुझी मान वर होती. खुर्ची द्याच, पण खुर्ची देताना तिचा फोटो काढू नका, आधी तिला विचारा, हेही बोललीस. माझ्या शेजारी कम्फर्ट बसली होती. ती म्हणाली, ही मुलगी लाजरी आहे असं कोण म्हणतं? मी म्हटलं, मीच. ती हसत सुटली.

त्याच दिवशी संध्याकाळी मी दादाला फोन लावला. तू सांगितलंस म्हणून नाही. कोरं पान बघून मला वाटलं, इथे काय लिहायचं ते आता फक्त मलाच ठाऊक आहे, आणि मी पन्नाशी ओलांडलेली बाई गप्प बसून राहिले आहे. बिचकत बिचकत सगळं सांगितलं. टेबल नाही, कॉम्प्युटर नाही, मॉप आहे. मग तो म्हणाला, हॉलमध्ये शेजारच्याने विचारलं होतं की ती बाई कोण असेल, आणि मी म्हटलं असेल कुणी गरीब बिचारी. मग एकदम आवाज चढवून म्हणाला, उद्या सकाळी शाळेत जातो आणि हेडमास्तरांपुढे सांगतो की ते पान माझ्या बहिणीचं होतं.

वरदा, मला हसू पण आलं आणि डोळ्यांत पाणी पण. त्याचं ते उद्या सकाळी म्हणजे तुझ्या तीनशे प्रतीच की. बाप तशी लेक. मी म्हटलं, दादा, थांब. मी डिसेंबरला येते आहे. मला माझं सांगू दे, तू बाजूला उभा राहा. तो म्हणाला, बरं. मग विचारलं, नवा सदरा तेव्हा घालू का? म्हटलं, घाल.

आता इथली बातमी. सोमवारी मी आणि कम्फर्ट बिल्डिंग मॅनेजरकडे गेलो. ती ब्रेकरूम आमची पण आहे का, एवढंच विचारलं. तो गोंधळून म्हणाला, ऑफ कोर्स, कुणी नाही म्हटलं? आम्ही म्हटलं, कुणी नाही. मंगळवारी मऊ खुर्चीत बसलो. खरं सांगू, पहिल्या दिवशी घास उतरेना, सगळे बघताहेत असं वाटत होतं. बघत कुणीच नव्हतं. कम्फर्टने माझी चटणी सांडली आणि दोघी सवयीने एकदमच पुसायला उठलो, तर शेजारच्या टेबलावरची मुलगी आमच्या आधी टिश्यू घेऊन आली. तिचं नाव नीना. आता तिलाही चटणी लागते.

तुमची पुस्तिका परत छापणार आहात असं तू सभेत म्हणालीस. सातव्या पानासाठी सोबत एक कागद पाठवते आहे. बादली आहे, ब्लीच आहे, आणि माझी फरशी आहे, लिफ्टने परत गेलेला मॅनेजर पण आहे. खाली माझं नाव आहे, गाव आहे, तारीख आहे, सगळं माझ्या हातचं. छापायचं ते डिसेंबरनंतर, मी गावाला जाऊन आल्यावर. इंग्रजी तू कर. शुद्धलेखन तपास. बाकी एका शब्दाला हात लावलास तर वड्या बंद.

तुझी,
शालनआत्या