तळवे असलेला आर

कोपरखैरणे, गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६

कांद्याच्या शेठचा मुलगा आज त्यांच्या नावाचा, कंप्युटरवर काढलेला इंग्रजी आर घेऊन आला. बारीक, तिरका. म्हणाला, "काका, गोणीवरचा मार्का आता असा पाहिजे. तुमचा आर गावठी वाटतो."

पंधरा वर्षं मी मार्केटसाठी पत्र्यात मार्के कापतोय. माझा आर जाडजूड, दोन्ही पायांना चपटे तळवे. वाद घातला नाही. त्याचाही आर कापला आणि दोन्ही पत्रे ठेवून एकाच गोणीवर शाई मारली. त्याचा तागात विरून गेला. माझा उभा राहिला.

शंकर हमाल साताऱ्याचा, शाळेचं तोंड न पाहिलेला. रस्त्यापलीकडूनच म्हणाला, "ह्यो आपल्या शेठचा. तळवं दिसत्यात की."

तरी पोरगा बारीकच मागत होता. म्हटलं, मग दुसरीकडून कापून घे. गेला तणतणत. जुनं गिऱ्हाईक तुटलं बहुतेक. मी आडमुठा आहे का? असेन. पण गोण्या शंकर वाहतो. त्याला ओळखू येत नाही तो मार्का माझ्या दुकानातून बाहेर पडणार नाही.

बारीक आरचा पत्रा दुमडून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलाय. आता टेबल हलत नाही.