प्रार्थनेचा खाडा

प्रिय ठमे,

काल फोनवर तू फारसं बोलली नाहीस, म्हणून आज मीच बोलून घेतो. पाळकाचं ऐकून घेणारं माणूस मिळणं किती अवघड, हे तुला वेगळं सांगायला नको. तूही आता त्याच कामातली.

इथे चर्चचं ठीक चाललंय. ऑर्गनची एक पट्टी दाबली की वर येत नाही, त्यामुळे गायनबाई त्या सुरापाशी आल्या की पुढचं गीत नुसत्या आवाजावर ओढून नेतात. बेकरीवाले काका पहाटेपासून भट्टीपाशी उभे असतात, म्हणून उपदेश सुरू झाला की त्यांचे डोळे मिटतात. नंतर दारात माझा हात धरून म्हणतात, आज फार शांती मिळाली. मी म्हणतो, दिसली ती मला.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तुझी आई गेली, तू पाळकाचं शिक्षण पुरं करायला सेमिनरीत परत गेलीस, आणि त्यानंतरच्या रविवारी मी उपासनेला उभा राहिलो. गीत झालं, वाचन झालं. आपण प्रार्थना करू या, असं म्हणालो, सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. रडू येत होतं असंही नाही. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो कोरडाच वर यावा, तसं झालं. बराच वेळ गेल्यावर मागच्या बाकावरून शिंपीणबाई उठल्या. चार लोकांत कधी तोंड न उघडणारी बाई. म्हणाल्या, ‘देवा, आमच्या पाळकांना आज बोलवत नाहीये. त्यांचं तू न बोलताच समजून घे. आणि त्यांना दोन घास खायची बुद्धी दे, कालचा डबा तसाच परत आलाय.’ मंडळी आमेन म्हणाली. मला तेही म्हणता आलं नाही.

पुढच्या रविवारी बेकरीवाले उठले, नंतर निवृत्त मास्तर. मास्तर देवालासुद्धा मुद्देसूद समजावून सांगतात. सगळ्यांचे पाय अवघडले. कुणी काही ठरवलं नव्हतं, कुणी मला विचारलंही नाही. सगळं सोडून द्यावं असं मनात येई. पण आजाऱ्यांकडे जायचं थोडंच थांबतं? जायचो, कुणाची औषधं आणायचो, कुणाचा गळका नळ बघायचो, आणि प्रार्थना न करता परत यायचो.

अशातच सुतारकाकांकडे गेलो. चर्चचं दार त्यांनीच केलेलं, पण दार करणाऱ्याने आत गेलंच पाहिजे असं कुठे आहे, असं म्हणून ते कधी आत आले नव्हते. त्यांना वाकता येईना, पायाची नखं वाढलेली. मी त्यांचे पाय कोमट पाण्यात भिजवले आणि नखं कापायला बसलो. ते म्हणाले, ‘पाळक लोक आले की प्रार्थना करतात म्हणे. तुम्ही नुसतीच नखं कापताय.’ मी म्हटलं, ‘काका, हल्ली मला येत नाही.’ हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो, आणि तेही त्यांचा अंगठा हातात धरून. त्यांनी पाय तसाच माझ्या हातात राहू दिला. मग म्हणाले, ‘बरं, मी करतो. पण मला एकच येते, आईने शिकवलेली.’ आणि त्या पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्याने डोळे घट्ट मिटून लहान मुलांची झोपायच्या वेळची प्रार्थना म्हटली: देवा, मी झोपतो, तू जागा राहा. मधली ओळ आठवेना, तर ‘इथे काहीतरी आहे, तुला ठाऊकच आहे’ असं सांगून ते पुढे गेले. आणि मी आमेन म्हणालो. माझ्याही नकळत.

त्या दिवशी तेवढंच. पुढे कित्येक दिवस मी दुसऱ्यांच्या प्रार्थनेमागे तेवढा एकच शब्द जोडत होतो, आणि तेवढ्यावर भागलं. बोलणं हळूहळू आलं, पण मोठमोठे शब्द गळून गेले ते गेलेच. उपासना वेळेत सुटते म्हणून गायनबाई खूश आहेत.

ठमे, काल तू एवढंच म्हणालीस, ‘बाबा, त्या बाळाला मूठमाती देऊन आल्यापासून मला प्रार्थना येत नाही,’ आणि फोन ठेवलास. मी तिथल्या तिथे बोललो असतो तर त्याचा उपदेश झाला असता, म्हणून लिहिलं. तुझ्या मंडळीतल्या त्या बाळाचं असं का झालं, मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी तुझ्यापुढे आणणार नाही. हे काम सोडायचं की धरून ठेवायचं, ते तू सावकाश ठरव. खाडा पडला म्हणजे काम गेलं असं नव्हे. शनिवारच्या गाडीने मी निघतोय. इथलं शिंपीणबाई बघतील; मास्तरांना आवरतं घ्यायला सांगितलंय. रविवारी तुझ्या मंडळीपुढे मी उभा राहीन, तू लोकांत बस. दुपारी त्या बाळाच्या आईकडे दोघं जाऊ. काही बोलायचं नाही. तिच्याजवळ बसू, चहा लागला तर मी करीन. स्टेशनवर यायचं बळ नसलं तर येऊ नकोस. मी विचारत विचारत येईन. पाळकबाईंचं घर कुणीही दाखवतं.

तुझाच, आणि रविवारपुरता तुझ्या मंडळीचाही,
बाबा