टॅमसिनसाठी डॉक्टर मीच निवडणार

१२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असावी, एवढाच हेतू.
काम: टॅमसिनसाठी योग्य डॉक्टर शोधणे. आम्हाला मूल हवंय. ती छत्तीसची, मी एकेचाळीसचा. तिला वयाच्या नवव्या वर्षापासून डायबेटिस, रोज चार-पाच वेळा इन्शुलिन. म्हणजे हाताशी असेल तो डॉक्टर चालणार नाही. शेतकऱ्याला पंप विकताना मी आधी जमीन बघतो, मग पाणी, आणि मग पंपाचं नाव काढतो. इथेही तसंच करायचं.
एक्सेल शीट तयार. रकाने अठरा. पदव्या, अनुभव, पार्किंग, फोन कितव्या रिंगला उचलतात, वगैरे. आमच्या अल्व्हर्स्टन गावापासून दोन तासांच्या आतली बावीस नावं मिळाली. ईस्टरपर्यंत निवड पक्की.
टॅमसिनला दाखवलं. म्हणाली, यात माझा रकाना कुठला? म्हटलं, अगं, सगळं शीटच तुझं आहे. ती कामाला गेली. रोपवाटिकेत सध्या गर्दी असते.

१४ फेब्रुवारी, बुधवार
व्हॅलेंटाइन डे. फुलं आणली नाहीत. ती दिवसभर फुलांतच असते, घरी आणखी कशाला. शीटची रंगीत प्रिंट दिली. फ्रीजवर लावली. मीच लावली.

२१ फेब्रुवारी, बुधवार
सुरुवात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून. डॉ. वेल्बी. पुढच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी त्यांचीच लागते.
त्यांनी टॅमसिनला विचारलं, साखरेची तीन महिन्यांची सरासरी काय आली? मी सांगितलं, आठ पूर्णांक एक. त्यांनी विचारलं, दंडावरचा साखरेचा सेन्सर त्रास देतो का? मी म्हटलं, अजिबात नाही. त्यावर त्यांनी खुर्ची पूर्ण तिच्याकडे वळवली. मला त्यांची पाठ दिसत होती. शिष्टाचार: दहापैकी तीन.
सांगितलं ते असं. दिवस जाण्याआधी सरासरी साडेसहाच्या आसपास आणायची. फॉलिक ॲसिडची मोठी गोळी आत्तापासून. डोळे आणि मूत्रपिंड तपासून घ्यायचे. ब्लडप्रेशरची गोळी बदलायची, ती पोटातल्या बाळाला चालत नाही. आणि डॉक्टर असा बघायचा जो डायबेटिस आणि गरोदरपण दोन्ही एकत्र सांभाळेल, आणि टॅमसिनचं ऐकून घेईल.
'ऐकून घेणे' हा एकोणिसावा रकाना केला. मोजायचं कसं ते ठरायचंय.

३ मार्च, रविवार
टॅमसिनने जेवताना मागचा विषय काढला. दोन वर्षांपूर्वीचा. नववा आठवडा. त्याबद्दल इथे लिहायचं कारण नाही. त्या वेळी डॉक्टर बरोबर नव्हता, आता बरोबर शोधतोय, म्हणजे विषय संपला.
ती म्हणाली, डॅरन, आपण त्या बाळाबद्दल एकदाही बोललो नाही. म्हटलं, बोलून काय होणार, आता आपल्याकडे सिस्टिम आहे. मग छपराची पन्हळ साफ करायला शिडीवर चढलो. अंधार पडेपर्यंत वरच होतो. काम उत्तम झालं.

१५ मार्च, शुक्रवार
दोन नावं बाद.
डेव्हनपोर्टचे एक. वेटिंग रूममध्ये माशांची टाकी, आणि टाकीत एकच मासा. ज्याला एका माशाला सोबत मिळवून देता येत नाही तो आमचं काय बघणार?
दुसऱ्या बाईंनी मला दहा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. पेशंटशी एकटीशी बोलायचंय म्हणे. लगेच बाद. टॅमसिन म्हणाली, मला त्या आवडल्या होत्या. तिला समजावलं की आवडणं हा रकानाच नाही.

१ एप्रिल, सोमवार
ईस्टर होऊन गेला. निवड झालेली नाही. या वर्षी ईस्टर फारच लवकर आला.

१० एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ७
लॉन्सेस्टनला जाऊन आलो. डॉ. लिंडक्विस्ट. एकोणिसांपैकी सोळा रकान्यांत पास, फोन दुसऱ्याच रिंगला. मोठ्या आशेने गेलो होतो.
बाईंनी विचारलं, याआधी कधी दिवस गेले होते? मी लगेच सांगितलं, नाही, पहिलीच वेळ.
हेतू एवढाच की केस स्वच्छ दिसावी. नव्या डॉक्टरकडे कशाला जुनं काढायचं.
टॅमसिन खिडकीबाहेर बघत होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग टॅमसिन म्हणाली, गेले होते. नवव्या आठवड्यात बाळ गेलं. हे तिने खिडकीलाच सांगितलं.
परतीच्या वाटेवर ती काचेला डोकं टेकून बसली. थकली असणार. बेकरीपाशी थांबून शिंपल्यांच्या सारणाचे दोन पफ घेतले. तिने तिचा खाल्ला नाही. वाया जाऊ नये म्हणून मी दोन्ही खाल्ले.

११ एप्रिल, गुरुवार
टॅमसिन बहिणीकडे, लाट्रोबला, मेरिनकडे गेली. थोडे दिवस विश्रांती. मोठी बॅग नेली, कारण लहान बॅगेची चेन बिघडलीय.
चेन मागच्या महिन्यात मीच दुरुस्त केली होती. पण पुन्हा बिघडली असू शकते.

२५ एप्रिल, गुरुवार. सकाळी ८
ॲन्झॅक डे, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा. पहाटे स्मारकापाशी एकटाच उभा राहून आलो. ओळखीच्या तिघांनी विचारलं, टॅमसिन कुठाय? तिघांना तीन वेगवेगळी कारणं सांगितली. तिन्ही पटली.
तिच्या सेन्सरवरचा साखरेचा आकडा माझ्याही फोनवर येतो. त्यामुळे ती जवळच असल्यासारखं आहे. पाच वाजता ५.८ मिलिमोल. उत्तम. तिला मेसेज केला, 'छान.' उत्तर नाही. सात वाजता ७.१. म्हणजे टोस्ट खाल्ला. मीही टोस्ट केला. एका परीने नाश्ता एकत्रच झाला.

२ मे, गुरुवार
कालपासून आकडा येत नाही. टॉवरचं काम चालू असणार. फोन तीनदा बंद करून चालू केला. फोनच्या दुकानातला पोरगेलासा माणूस म्हणाला, नेटवर्क ठीक आहे, समोरच्यांनी शेअरिंग बंद केलंय. त्याला अनुभव कमी वाटला.

७ मे, मंगळवार
मोठी बातमी. चौदा फोन केल्यावर मेलबर्नच्या प्रोफेसर ॲडकॉकांची वेळ मिळाली. डायबेटिस असलेल्या गरोदर बायकांवर उपचार, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. अठरांपैकी अठरा. अंतर हा रकाना मी काढून टाकला.
टॅमसिनला कळवलं, विमानाची तिकिटं काढलीत. तिचा मेसेज, 'नको.' घाई नको, असं म्हणायचं असेल. घाई नाहीच, दोन आठवडे आहेत.

२० मे, सोमवार. दुपारी ४, मेलबर्न विमानतळ
टॅमसिन डेव्हनपोर्टला विमानतळावर आली नाही. दार बंद होईपर्यंत थांबलो. मग एकटाच निघालो, वेळ फुकट घालवणं बरं नाही.
प्रोफेसर म्हातारे, शांत. मी फाइल पुढे ठेवली. त्यांनी उघडली नाही. विचारलं, आठवड्यातून किती वेळा झोपेत साखर खाली जाते? म्हटलं, फार नाही. फार नाही म्हणजे किती? माहीत नव्हतं. तिच्या उशाशी जेली बीन्सची बरणी असते, ती भरलेली असते आणि मग रिकामी असते, एवढं मला माहीत आहे. डोळ्याला लेझर केलंय का? बहुतेक डाव्या. बहुतेक? तिला कशाची भीती वाटते? म्हटलं, ती खंबीर आहे, भीती वगैरे नाही.
मग आज ती का नाही आली?
म्हटलं, हवामान. त्यांच्या खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.
ते म्हणाले, मिस्टर प्लोमन, तुम्ही मला कागद दाखवायला आणलेत, मला माणूस लागतो. ती ज्याच्याशी मोकळेपणाने बोलेल तो डॉक्टर चांगला, मग तो मी नसलो तरी चालेल. फाइल माझ्याकडे सरकवली. मग विचारलं, बाळ गेलं तेव्हा तुमचं कसं होतं? हे त्यांना कोणी सांगितलं कळेना. बहुधा वेल्बींच्या चिठ्ठीत होतं.
म्हटलं, मी ठीक होतो. मग त्यांच्या दाराची बिजागरी सैल आहे, स्क्रू आवळायला हवा, हे दाखवून दिलं.
निष्कर्ष: उत्तम डॉक्टर. निवड पक्की.

६ जून, गुरुवार
टॅमसिनला निवड सांगायला लाट्रोबला गेलो. फाटकापाशी मेरिन. म्हणाली, आत येतोस की तिथूनच भाषण करणार? मी मुद्दे सांगायला सुरुवात केली. तिने दुसऱ्या मुद्द्यावर अडवलं. म्हणाली, डॅरन, तुझ्या बायकोने डॉक्टर निवडून दोन महिने होत आले. बर्नीला. डॉ. नाझारियन म्हणून बाई आहेत, फक्त मंगळवारी येतात.
शीटमध्ये हे नाव नाही. मंगळवारपुरत्या येणाऱ्यांची यादी मी केलीच नव्हती.
टॅमसिन मागच्या अंगणातून आली. हाताला माती. बारीक झालीय, पण चेहरा बरा. मी विचारलं, कोणत्या आधारावर निवडलंस? म्हणाली, पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, बाळाचं काही नाव ठेवलं होतं का? मला रडू आलं. त्या थांबल्या, घड्याळाकडे बघितलं नाही. मग आम्ही साखरेबद्दल बोललो. सरासरी आता सहा पूर्णांक सात आहे. गोळी बदललीय. आणखी तीन महिने असंच राहिलं तर प्रयत्न करायला हरकत नाही म्हणाल्या.
मी म्हटलं, वा. मग विचारलं, ठेवलं होतं नाव?
म्हणाली, हो.
कोणतं, ते विचारणार होतो. पण मेरिनचा कुत्रा भुंकत होता.

९ जून, रविवार
ठराव: नाव विचारायचं. उद्या.

१० जून, सोमवार
राजाच्या वाढदिवसाची सरकारी सुट्टी. सुट्टीच्या दिवशी असले विषय काढू नयेत. उद्या.

१२ जून, बुधवार. संध्याकाळी
फोन केला. विचारलं. तिने सांगितलं. इथे लिहीत नाही.
मग मी एक सांगितलं, जे कोणालाच सांगितलं नव्हतं. शेडमध्ये मी पाळणा करायला घेतला होता. तिन्हीसांजेला जाऊन थोडा थोडा. दोन बाजू झाल्या होत्या. ती हॉस्पिटलातून घरी यायच्या आधी मी तो कापून जाळला.
म्हणाली, माहीत आहे. परसात राख होती, त्यात पितळेचे स्क्रू होते. मी वेचून ठेवलेत. तू सांगशील म्हणून वाट बघत होते.
दोघं फोन धरून बसलो. पलीकडे मेरिनची किटली शिट्टी वाजवत होती आणि कोणी गॅस बंद करत नव्हतं.
शेवटी म्हणाली, मंगळवारी बर्नीला येशील? डोळे तपासणार आहेत, थेंब घातल्यावर मला गाडी चालवता येणार नाही. मेरिनला सुट्टी नाही.
म्हटलं, येतो.
म्हणाली, आणि तिथे माझ्या वतीने बोलायचं नाही.
म्हणजे गोष्टी रुळावर आल्या. मंगळवारी रात्री दोघांचं जेवण इथेच होईल. कोकराचं मटण आणून ठेवावं.

१७ जून, सोमवार
घर झाडलं. चादरी बदलल्या. फ्रीजवरचा कागद काढला. डॉक्टरांना विचारायला बारा प्रश्न लिहिले. बाराचे पाच केले. मग पाचही खोडले. माझा स्वतःवर इतका ताबा असेल असं वाटलं नव्हतं.

१८ जून, मंगळवार. रात्री ९
बर्नी. समुद्राकडून पाऊस. तिला लाट्रोबहून वेळेत घेतलं. वाटेत हवामानाबद्दल बोललो, छान बोललो.
नाव पुकारलं, टॅमसिन. मी उठलो. तिने माझ्या बाहीला हात लावला, म्हणाली, तू बस. बसलो. दार लागताना डॉक्टरबाईंचा आवाज आला, काहीतरी विचारत होत्या. मग टॅमसिन हसल्याचं ऐकू आलं. कशाला हसली ते कळलं नाही. बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.
रिसेप्शनवरच्या बाईंनी फॉर्म आणून दिला. म्हणाल्या, एवढी एक जागा भरायची राहिलीय, तुम्ही घरचेच ना? मी चष्मा लावला. तातडीच्या वेळी कोणाला कळवावे: मेरिन. नाते: बहीण. उपचारांबद्दल कोणाशी बोलावे: मेरिन. नाते: बहीण. आज घरी कोण नेणार: डॅरन. नाते: पुढे काही नाही.
पेन बराच वेळ हातात होतं. मग फॉर्म तसाच परत दिला. म्हटलं, ती आली की भरेल.
तासाभराने बाहेर आली. डोळ्यांत थेंब, सगळं धूसर. डोळे ठीक आहेत म्हणाली, मूत्रपिंडही. पायऱ्या उतरताना माझा दंड धरला. खालची पायरी आल्यावर सोडला.
गाडीत विचारलं, कुठे सोडू?
म्हणाली, आज लाट्रोब.
'आज' म्हणाली, हे मी नीट ऐकलंय.
वाटेत अल्व्हर्स्टनचा फाटा आला. मी वेग थोडा कमी केला. ती डोळे मिटून बसली होती. पुढे गेलो.
मटण फ्रीझरमध्ये ठेवलंय.