चौथी प्लेट

९ नोव्हें., रवि.
पेशींचं खाद्य बदलायला लॅबमध्ये गेले. कुणी विचारलं तर काम आहे म्हणता येतं. कुणी विचारलं नाही. दुपारी गावाहून, आपट्याहून, आईचा फोन. "त्या पेशींना खायला घालतेस, तू जेवलीस का नाय?" जेवले म्हटलं. बिस्किटं.

११ नोव्हें.
प्लेटना रंग दिला. चरबी लाल दिसते. कोवळ्या पेशींना सुरुवातीलाच अ जीवनसत्त्वाचं आम्ल मिळालं की त्या चरबीच्या पेशी होत नाहीत. तीनदा तसंच झालं. या चौथ्या वेळी आम्ल दिलेली प्लेटही लालभडक, न दिलेल्या प्लेटसारखीच.
हे आम्ल उजेडात बिघडतं. म्हणून खिडक्यांना काळा कागद, फक्त पिवळा बल्ब. आम्ल घातलं त्या दिवशी ट्यूबलाइट चालू राहिली होती का? आठवत नाही. खोलीत मी एकटीच.

१२ नोव्हें.
गाइड सर म्हणाले, "लाइट लागला असेल. चौथी धरू नका. प्रबंधाला तीन पुरे."
ट्यूब चालू होती हे नक्की माहीत असतं तर सोडलीच असती. पण निकाल हवा तसा आला असता तर मला ट्यूब आठवली तरी असती का?

१४ नोव्हें.
लॅबचे शिपाई म्हात्रेकाका, त्यांना विचारलं.
"मी नाय बगितली, मॅडम. तुमी दार लावून बसता." मग जरा थांबून, "चालू होती म्हणू का? तुमचं काम होत असंल तर."
नको म्हटलं. माझ्यासाठी कुणी इतकं करायला तयार होऊन किती दिवस...

१७ नोव्हें.
चारही निकाल ठेवून प्रकरण सरांना पाठवलं. चौथ्यापुढे लिहिलं: कारण माहीत नाही.
सरांचा फोन. "परीक्षक तेवढंच धरून बसतील. वर्ष जाईल तुमचं. विचार करा."
करतेय. अजून कळवलं नाही. प्रामाणिकपणा की नुसता हट्ट? दुसऱ्या कुणाला विचारायचं तर आधी सगळं समजावून सांगावं लागेल.

१९ नोव्हें., बुध.
नव्या पेशी. आम्ल घालताना काकांना आत बोलावलं. ट्यूब बंद आहे ना, तेवढं बघा म्हटलं.
"बंद हाय. आता या मिणमिण्यात बसून काय करू?"
तरी स्टुलावर बसले. लेकाची न्हावा शेवा बंदरातली रात्रपाळी, सुनेचे डोहाळे, तिला सारखं चिंबोरीचं कालवणच हवं, बोलत राहिले.
थेंब घालून झाले होते. मी काकांना बराच वेळ सांगितलं नाही.